पोंचो की जॅकेट : सामानाच्या वहीतून

१८ मे २०२५, रविवार

माळ्यावरून आमच्या ट्रेकिंग क्लबचं सामान उतरवलं. रेन जॅकेटांचं गाठोडं सोडताच आंबूस वास आला. आतला लेप भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा सुटतोय, हाताला चिकटतोय. नऊपैकी सात बाद. पॉलियुरेथेनच्या लेपाचं हे ठरलेलं मरण आहे : ओल आणि दमट हवा त्याला आतून फोडते, मग तुम्ही तो कपडा वापरा अगर वापरू नका. गेल्या सप्टेंबरात अर्धवट ओली जॅकेटं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून वर टाकणारा इसम मीच. बाबांकडे डकबॅकचा रबरी रेनकोट होता. आई तो पुसून, वाळवून, टाल्कम पावडर फासून ठेवायची. तो माझ्या दहावीपर्यंत टिकला.

जुलैअखेरीस आठवी-नववीची १४ मुलं घेऊन लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्यावर जायचंय. बऱ्याच जणांच्या घरी ट्रेकचं काही नाही, म्हणून पावसाचा कपडा क्लबने द्यायचा. हातात १८,००० रुपये. बैठकीत दोन तट पडले. एक म्हणतो पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायची टोपीवाली सैल झूल, सॅकसकट सगळं झाकतो. दुसरा म्हणतो पोंचो म्हणजे वाऱ्यावर उडणारा तंबू, जॅकेटच घ्या. तासभर वाद झाला आणि शेवटी 'सामान तू बघतोस ना, मग तूच ठरव' असं म्हणून सगळे चहाला गेले.

तेव्हा या नोंदी.

२१ मे

तीन नमुने जमवले. नायलॉनचा पोंचो, आतून लेप, लेबलवर २,००० मिमी. स्वस्त जॅकेट, ९०० रुपयांचं, लेबलवर नुसतंच 'वॉटरप्रूफ'. तिसरं माझं स्वतःचं महागडं जॅकेट : १०,००० मिमी, शिवणींवर आतून टेप, काखेत चेन. हे मुलांसाठी परवडणार नाहीच, पण तुलनेला हवं.

एक गंमत. दुकानात तिन्ही वस्तूंना 'विंडचीटर' म्हणत होते. आपल्याकडे पावसात घालायचं, चेन असलेलं काहीही विंडचीटरच.

२४ मे

लेबलवरचे मिमी म्हणजे पाण्याच्या उभ्या खांबाची उंची. कापडावर तेवढ्या उंचीचा खांब उभा राहिला तरी पाणी आरपार येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग घरीच बघू म्हटलं. शेजारच्या बांधकामावरून गवंड्याची लेव्हल नळी उसनी आणली. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली अंगणापर्यंत बरोबर ६ मीटर भरली, म्हणजे ६,००० मिमी. नळीच्या खालच्या टोकाला पाइपाचा तुकडा, त्याच्या तोंडावर कापड, कडेला सायकलच्या ट्यूबची रबरपट्टी आणि वरून क्लॅम्प. पहिल्या दोन वेळा कापडाऐवजी कडाच गळल्या, अंगणात चिखल झाला. खालच्या आजींनी विचारलं, नळ फुटलाय का?

तिसऱ्यांदा जमलं. पोंचोच्या कापडाला अडीच मीटरला घाम फुटावा तसे बारीक थेंब आले, म्हणजे लेबल खरं. महागडं जॅकेट ६ मीटरला कोरडं. आश्चर्य स्वस्त जॅकेटचं : कापड ६ मीटर टिकलं, पण शिवण पाइपावर धरली तर हातभर पाण्यालाच पिचकारी उडाली. सुईची भोकं उघडी, टेप नाही. जॅकेटला खांदे, बाह्या, टोपी, चेन मिळून शिवणी किती! पोंचोला जवळजवळ एकच, टोपीच्या गळ्याची.

पावसाच्या थेंबाला स्वतःचा दाब फारसा नसतो. दाब येतो सॅकच्या पट्ट्यांखाली आणि ओल्या कातळावर बसलं की बुडाखाली. पोंचो सॅकच्या वरून येतो, त्यामुळे पट्टे त्याच्यावर दाबत नाहीत. २,००० मिमी कमी वाटतात, पण पोंचोला त्याहून जास्त लागतंय कुठे?

२७ मे

काल मॉन्सून मुंबईत आणि पुण्यातही पोचला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून, पुण्याची १०. माझ्या चाचण्यांचं वेळापत्रक ७ जूनपासून होतं. बदलतोय.

१ जून, रविवार

सिंहगड, आतकरवाडीची वाट. मी महागड्या जॅकेटमध्ये, धाकटा भाऊ पोंचोत. दोघांचे एकाच कंपनीचे टी-शर्ट, खाली गाडीपाशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घातलेले. जॅकेटमध्ये ओलं व्हायचं ते घामाने की पावसाने, हा वाद ग्रॅममध्ये मिटवायचा बेत होता. वर एका टपरीच्या आडोशाला टी-शर्ट काढून पुन्हा तोलले. मावशी भजी तळता तळता म्हणाल्या, "एवढं काय तोलताय, सोनं हाय का?"

माझा टी-शर्ट ११० ग्रॅमने वाढला, भावाचा १०५ ने. म्हणजे काहीच कळलं नाही, कारण भावाला मुळात घाम फार.

८ जून, रविवार

अदलाबदल. आज मी पोंचोत, तो जॅकेटमध्ये. पाऊस मागच्यापेक्षा जरा जास्तच. माझा ६० ने वाढला, त्याचा १६५ ने. दोघांनाही जॅकेटमध्ये पन्नास-साठ ग्रॅम जास्त, आणि ते पाणी पावसाचं नव्हे. त्याच्या जॅकेटची आतली बाजू फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखी डवरली होती. पोंचोत मी ओला झालो ते कोपरापासून खाली आणि गुडघ्यापासून खाली. पाठ आणि छाती जवळपास कोरडी.

मी खूश. वहीत 'पोंचो' लिहून त्याभोवती चौकट काढली.

मग आम्ही कल्याण दरवाज्याच्या बाजूला वाऱ्यात जाऊन बसलो. दहा मिनिटांत माझे दात वाजायला लागले आणि १६५ ग्रॅम घाम अंगावर बाळगणारा भाऊ आरामात कणीस खात होता.

चौकट खोडली.

९ जून

रात्री झोप आली नाही म्हणून हिशेब मांडला. १०,००० मिमीच्या शेजारी लेबलवर १०,००० ग्रॅम असाही एक आकडा असतो : एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती वाफ बाहेर जाते. म्हणजे तासाला सुमारे ४१७ ग्रॅम. अंगावर दीड चौरस मीटर कापड धरलं तर तासाला सहाशेच्या आसपास. चढावर माणूस तासाला अर्धा ते एक लिटर घाम गाळतो. कागदावर जमण्यासारखं आहे.

कागदावरच. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या वाफेच्या दाबात फरक असतो म्हणून. ही कापडं जन्मली थंड देशांत. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनची तापवलेली कांडी हळूहळू ताणायच्या ऐवजी हिसडा देऊन ओढली आणि ती सच्छिद्र होऊन लांबली. छिद्रं पाण्याच्या थेंबाला लहान, वाफेला मोठी. बाहेर ५ अंश आणि कोरडी हवा असेल तर वाफ धावत सुटते. सह्याद्रीत जुलैमध्ये बाहेर २२ अंश, ढग अंगावर, हवा वाफेने शिगोशीग. फरक अगदीच संपत नाही, कारण अंग गरम असतं, पण बराच कमी होतो. त्यात वरच्या कापडावरचा पाणी झटकणारा थर दोन हंगामांत झिजतो. मग थेंब घरंगळायच्या ऐवजी कापडात मुरतात, बाहेर पाण्याचा पडदा तयार होतो, कापड गार पडतं आणि आतली वाफ तिथेच थिजून थेंब होते. माणूस म्हणतो, जॅकेट गळतंय. ते गळत नसतं, आपणच गळत असतो.

(धुऊन वाळवल्यावर कापड आडवं धरून हलकी, बेताची इस्त्री फिरवली की हा थर थोडा परत जागा होतो. माझ्या जॅकेटवर करून पाहिलं. एक ट्रेक फरक पडला.)

एवढं सगळं मांडूनही कालची कुडकुडी सुटत नाही. मी तोलत होतो ओल. ओल तोलून थंडी कळत नाही. पोंचोत वारा खेळतो म्हणून घाम साचत नाही, आणि तोच वारा थांबल्यावर अंगातली ऊब घेऊन जातो. एकच गुण, चढावर उपकारक आणि माथ्यावर वैरी. आता चाचणी चालतानाची नको, थांबल्यावरची हवी.

२२ जून, रविवार

आज माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट. प्रकल्पासाठी नव्हे, आम्ही दरवर्षी पुण्यापासून सासवडपर्यंत चालतो. पण डोळे कामालाच लागलेले. वारकरी काय पांघरतात? रस्त्याकडेला विकतात तो प्लास्टिकचा कागद. लांबोळका, मधोमध दुमडून एका बाजूचा कोपरा आत खोचला की डोक्याला टोपी होते, बाकीचा पाठीवर गुडघ्यापर्यंत. समोरून उघडा. म्हणजे रचना जुन्या इरल्याची : बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं, डोकं आणि पाठ झाकणारं. लावणीला वाकलेल्या माणसाची पाठच पावसाला उघडी असते, म्हणून पुढे काही लागत नाही. घोंगडीची खोळही तशीच, फक्त लोकर भिजली तरी ऊब धरते.

एका आजींना विचारलं, वारा आला की उडत नाही का? त्यांनी कमरेला बांधलेली सुतळी दाखवली. कागदावरून, घट्ट.

तीन आठवडे काटा घेऊन फिरतोय मी.

२९ जून, रविवार

राजमाचीची पाहणी. काल लोणावळ्याहून तुंगार्ली मार्गे राजमाचीवरचं गाव उधेवाडी, आज श्रीवर्धन हा राजमाचीचा बालेकिल्ला बघून कोकणातल्या कोंडिवड्याला उतरलो. चौघे : दोन पोंचो (एकाला कमरेला दोरी), दोन जॅकेट.

लोणावळ्याकडची वाट लांब आणि सोपी, पंधराएक किलोमीटर. तिथे पोंचोवाले गप्पा मारत चालले, जॅकेटवाले दर वीस मिनिटांनी चेन उघडत आणि लावत. सॅकवर कव्हर असूनही पाठ आणि सॅक यांच्यामधून पाणी उतरून जॅकेटवाल्याच्या सॅकचा तळ भिजला. आत मोठी प्लास्टिकची पिशवी होती म्हणून कपडे वाचले. ती पिशवी पोंचो असो वा जॅकेट, सगळ्यांना सक्तीची. लिहून ठेवतो.

श्रीवर्धनच्या पायऱ्या आणि कातळटप्पा. पोंचोची पुढची झूल पायात येते, पाऊल कुठे पडतंय दिसत नाही. शेवाळलेल्या पायरीवर हे चालणार नाही. जॅकेटवाल्यांची तक्रार वेगळी : आधारासाठी हात वर केला की मनगटातून पाणी थेट काखेत.

आजचा खरा धडा कोंडिवड्याकडे उतरताना. पाऊस नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. कोकणातून घाट चढताना तो पाठीवर असतो, पोंचो मागून फुगतो आणि डोक्यावर येतो. घाटावरून कोकणात उतरताना तोच थेट तोंडावर. पोंचोची टोपी वाऱ्याने मागे जाते, जॅकेटची टोपी नाडीने आवळता येते, तिला पुढे झाप असते. म्हणजे 'पोंचो की जॅकेट' या प्रश्नात 'कुठल्या बाजूने जाणार' हा प्रश्न दडलाय. मुलांना आम्ही लोणावळ्यानेच नेणार, लोणावळ्यानेच आणणार. कोंडिवड्याची उतरण त्यांच्या वाट्याला नाही. टोपीच्या आत साधी झापेची कॅप घातली की पोंचोचंही बरंचसं भागतं, हे उतरल्यावर सुचलं.

२ जुलै

शिंपीकाकांकडे. पोंचोला दोन्ही कडांना तीन-तीन टिचबटणं आहेत, ती बगलेत फार वर. खाली आणखी एकेक लावायचं. कमरेला दोरीसाठी आत लूप : कापडाला भोक न पाडता, कडेच्या दुमडीतच. पुढची बाजू अर्धा फूट आखूड. काका म्हणाले, "आखूड कशाला करता, खोचून घ्या की." आणि पदर खोचतात तसा पुढचा घोळ कमरेच्या दोरीत खोचून दाखवला. पाय मोकळे, कापड शाबूत. उंच मुलांना उद्या पूर्ण लांबी लागेल तेव्हा आहेच.

कात्री वाचली.

१३ जुलै, रविवार

नाणेघाट. मुद्दाम. इथे घाटमाथ्याच्या कड्यावर वारा खालून वर येतो आणि धबधबा उलटा उडतो. पाऊससुद्धा खालून. पोंचोची यापेक्षा वाईट जागा मला माहीत नाही.

दोरी नसलेला पोंचो अर्ध्या मिनिटात छत्री उलटी व्हावी तसा डोक्यावर गेला, भावाला काही दिसेना, त्याला हात धरून मागे आणला. कड्याजवळ हे हसण्यावारी न्यायचं नाही. दोरी आणि टिचबटणवाला टिकला, पण खालून पाणी आलंच, मांड्या ओल्या. जॅकेट इथे निर्विवाद सरस.

मग गुहेत शिरलो. सातवाहनांचा शिलालेख असलेली ही गुहा आणि माथ्यावरचा दगडी रांजण अजून जागेवर आहेत, कोकणातून जुन्नरला जाणारे व्यापारी इथूनच जायचे. गुहेत बसून थांबण्याची चाचणी केली. तिघे, सारखेच भिजलेले. एक नुसता पोंचो, एक महागडं जॅकेट, आणि मी पोंचोच्या आत एक पातळ विंडचीटर घातलेला. खरा विंडचीटर, वारा अडवणारा, पाणी न अडवणारा, घडी केली तर मुठीत मावेल असा. तो चढताना सॅकमध्ये होता, थांबल्यावर घातला.

पंधरा मिनिटांनी नुसता पोंचोवाला उड्या मारायला लागला. जॅकेटवाला ठीक, पण आतून गिळगिळीत, कुरकुरत होता. मी ठीक. फार उबदार नव्हे, ठीक. आणि पाठ कोरडी.

परत येताना गाडीत वाद पुन्हा सुरू झाला, पण आता त्यात जोर राहिला नव्हता. आमच्या लीडरांचं म्हणणं मला मान्य आहे : हार्नेस (दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा) घालायचा, दोर हाताळायचा, मुलाला कातळावर आधार द्यायचा, तर पोंचो नको. लीडर चौघेही आपापल्या जॅकेटमध्ये येतील. कळसूबाईच्या शिड्या असत्या तर मुलांनाही मी पोंचो दिला नसता.

१६ जुलै

खरेदी. पोंचो १४, घाऊक दराने ८५० प्रमाणे ११,९००. पातळ विंडचीटर १४, ३०० प्रमाणे ४,२००. शिंपीकाका नगाला ९०, म्हणजे १,२६०. एकूण १७,३६०, शिल्लक ६४०. तिन्हींच्या बेरजेत एका मुलामागे १,२४० पडले. तेवढ्यात टेप मारलेल्या शिवणींचं जॅकेट मला कुठेच मिळालं नाही, आणि बिनटेपचं काय करतं ते अंगणात पाहिलंय.

पालकांच्या सूचनापत्रात तीन ओळी टाकल्या. जीन्स नको, ओली जीन्स दिवसभर वाळत नाही. सॅकच्या आत मोठी पिशवी. एक टी-शर्ट त्या पिशवीत कोरडा, तो मुक्कामाला पोचेपर्यंत काढायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

२७ जुलै, रविवार

राजमाचीहून परत. पाऊस दोन्ही दिवस, काल दुपारी दणकून.

चाललं ते : दोरी, खोचणं, विंडचीटर. श्रीवर्धनच्या पायऱ्यांआधी 'पदर खोचा' अशी आरोळी दिली की सगळी पोरं हसत हसत खोचायची. मुलग्यांनी पहिल्यांदा लाजून बघितलं, दुसऱ्यांदा नाही. माथ्यावर थांबल्याबरोबर विंडचीटर घालायला लावले. एकच मुलगा 'मला थंडी वाजत नाही' म्हणून बसला, त्याचे ओठ निळसर दिसले तसा त्याला गावात आधी नेला, कोरडा टी-शर्ट घातला आणि चुलीपाशी बसवला. पिठलं-भाकरी आल्यावर तोच सगळ्यात जास्त बोलत होता.

चाललं नाही ते : टोप्या. मोठ्यांच्या मापाच्या, आठवीच्या पोरांच्या नाकापर्यंत येतात. कॅप आठ जणांनीच आणली होती. बाकीच्यांना मागून सेफ्टी पिन. त्याहून महत्त्वाचं, टोपीवर पाऊस तडतडला की ऐकू येत नाही. मागच्या लीडरची हाक पुढच्या तीन मुलांना कळली नाही, ती वळणाच्या पुढे गेली. शिट्टी होती म्हणून थांबली. पुढच्या वेळी शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात, आणि एक शिट्टी म्हणजे थांबा हे निघण्याआधी.

दोन पोंचो करवंदीच्या जाळीत फाटले. आतून-बाहेरून चिकटपट्टी मारून वेळ निभावली, पण शिंपीकाकांकडे नको, सुईने आणखी भोकं पडतील. लेपावर चिकटणारं ठिगळ आणायचं.

नोंदवायचा राहिलेला एक उपयोग : वाटेत आडोसा नव्हता तेव्हा चार मुलींनी एकीचा पोंचो चार कोपऱ्यांनी डोक्यावर ताणून धरला आणि खाली बसून डबा खाल्ला. हे जॅकेटला जमत नाही. माझ्या कुठल्याही चाचणीत हे नव्हतं.

२९ जुलै

शिल्लक ६४० मधून १४ हँगर आणले. पोंचो साध्या पाण्याने धुऊन जिन्याच्या कठड्यावर एका रांगेत लटकवलेत, लेपाची बाजू बाहेर, उलटून पालटून दोन दिवस. खालच्या आजींनी आजही विचारलं, पण आता नळाचं नव्हे : एवढी भुतं कुणाची टांगलीत?

माळा बंद. पूर्ण वाळले की लोखंडी कपाटात, उभे, पिशवीशिवाय. वाळलेत की नाही हे हाताने बघायचं, अंदाजाने नाही. सप्टेंबरात मीच असणार आहे.